कचऱ्याच्या डोंगराखालचं कापड

आजच्या भागाचा मजकूर खाली देतोय. लोकलच्या गर्दीत किंवा एसटीत ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलण्याची भाषा होती तशीच ठेवली आहे, फक्त मधले "अं", "म्हणजे ना" तेवढे काढलेत.

आजचा विषय कापडाचा आहे. पण हे कापड अंगावर घालायचं नाही आणि खिडकीलाही लावायचं नाही. हे कचऱ्याखाली अंथरायचं आणि कचऱ्यावर पांघरायचं. याला टेक्निकल टेक्सटाइल म्हणतात, मराठीत तांत्रिक वस्त्र. त्याचा मोठा बाजार आहे, त्यात नोकऱ्या आहेत, महाराष्ट्रात कारखाने आहेत. आणि ते नीट अंथरलं गेलं की नाही, यावर कुणाच्या तरी विहिरीचं पाणी अवलंबून आहे. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलूया.

शेततळ्याचा कागद माहितीये ना?

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातले किंवा सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या भागातले ऐकणारे असतील, त्यांना लगेच कळेल. शेततळं खोदलं, पाणी भरलं, तर ते जमिनीत मुरून जातं. मग काय करतात? आत "कागद" टाकतात. नाव कागद, पण असतं ते जाड प्लॅस्टिक, साधारण ५०० मायक्रॉनचं. म्हणजे अर्धा मिलिमीटर. पट्ट्या आणायच्या, मशीननं गरम करून एकमेकींना जोडायच्या, कडा चरात पुरायच्या, झालं अस्तरीकरण.

लँडफिलमध्ये, म्हणजे शास्त्रीय पद्धतीनं कचरा पुरायच्या जागेत, हेच काम होतं. फरक दोन आहेत. शेततळ्यात आतलं चांगलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नसतं, इथे आतलं घाण पाणी बाहेर जाऊ द्यायचं नसतं. आणि शेततळ्याचा कागद फाटला तर शेतकऱ्याला दोन दिवसांत कळतं, कारण पाणी उतरतं. इथे फाटला तर कुणालाच कळत नाही. वर कित्येक मीटर कचरा बसलेला असतो. हा दुसरा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच येणार आहे.

आपलं वस्त्रोद्योग मंत्रालय तांत्रिक वस्त्रांचे १२ गट करतं. शेतीसाठीचा ॲग्रोटेक, दवाखान्यासाठीचा मेडिटेक, खेळासाठीचा स्पोर्टटेक वगैरे. त्यातला एक जिओटेक, म्हणजे माती आणि जमिनीच्या कामाचा, आणि एक ओकोटेक, म्हणजे पर्यावरणरक्षणाचा. लँडफिलचा माल या दोन गटांत येतो. यातल्या काही वस्तू खऱ्या अर्थानं कापड आहेत, काही सरळ प्लॅस्टिकचे जाड पत्रे आहेत. बाजारात दोन्ही एकत्रच विकले जातात, एकाच टेंडरमध्ये येतात, म्हणून आपणही एकत्रच बोलू.

पाणी जातं कुठे?

कचऱ्याचा वास सगळ्यांना येतो, धूर सगळ्यांना दिसतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं, तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला, शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. हे डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं आहे. आग लागली की बातमी होते. पाणी मात्र गुपचूप काम करतं.

एक साधा हिशोब करूया. मुंबई उपनगरात एका पावसाळ्यात सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. गुणाकार केला तर एका हेक्टरवर एका पावसाळ्यात २२,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी २० लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे २,२०० टँकर. त्यातलं काही वाहून जातं, काही वाफ होऊन उडतं. उरलेलं कचऱ्यात शिरतं.

आणि कचऱ्यात काय असतं? भाजीची देठं, डायपर, बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, उरलेली औषधं. पाणी यातून वाट काढत खाली येतं तेव्हा चहाच्या गाळणीतून आल्यासारखं सगळ्याचा अर्क घेऊन येतं. काळं, उग्र वासाचं पाणी. त्याला लीचेट म्हणतात. खाली काही अडवायला नसेल तर ते थेट मातीत, आणि मातीतून भूजलात.

पुण्याच्या हडपसरच्या पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची. पुण्यातला प्रत्येक जण ही नावं कचरा डेपोमुळे ओळखतो. तिथल्या विहिरींचं पाणी प्यायच्या लायकीचं राहिलं नाही, गावं टँकरवर आली, लोकांनी वर्षानुवर्षं कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहराचा कचरा आणि गावाचं पाणी, असा तो झगडा. जिथे नुसताच उघड्या जमिनीवर कचरा टाकला गेला, तिथे हे होणारच होतं.

अंथरूण

मग शास्त्रीय लँडफिल कसं असतं? केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत त्याचं माप दिलेलं होतं. सर्वांत खाली ९० सेंटिमीटर चिकणमाती, दाबून दाबून बसवलेली. तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई जिओमेम्ब्रेन किंवा तितकंच काम करणारं दुसरं काही. म्हणजे शेततळ्याच्या कागदाच्या तिप्पट जाड. आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी या मातीच्या तळापासून किमान दोन मीटर खाली हवी.

ती माती कशी हवी? त्या नियमांत आकडा होता, सेकंदाला १ भागिले १ कोटी सेंटिमीटर. असं ऐकून काही कळत नाही ना? वर्षाचे सेकंद धरून गुणा. नुसतं स्वतःच्या भारानं उतरणारं पाणी अशा मातीतून वर्षाला तीन सेंटिमीटरच्या आसपास जाईल. इतकी घट्ट माती.

आता कुणी विचारेल, प्लॅस्टिक आहे तर माती कशाला? आणि माती इतकी घट्ट आहे तर प्लॅस्टिक कशाला? याचं उत्तर फार छान आहे. प्लॅस्टिकमधून पाणी जवळजवळ जातच नाही, पण त्याला भोक पडलं की तेवढ्या भोकातून भरपूर जातं. मातीला भोक पडत नाही, पण तिच्यातून सगळीकडून थोडं थोडं झिरपतं. दोघं एकमेकांना घट्ट चिकटून असले, की प्लॅस्टिकचं भोक खालची माती बुजवते आणि मातीचं झिरपणं वरचं प्लॅस्टिक थांबवतं. म्हणून जोडी. चांगली माती जवळपास नसेल तर जीसीएल वापरतात. दोन कापडांच्या मध्ये बेंटोनाइट नावाच्या मातीची भुकटी भरलेली असते, जणू पातळ गोधडीच. बेंटोनाइट पाणी प्यायलं की फुगतं आणि फटी बंद करतं.

प्लॅस्टिकच्या वर खरं कापड येतं. जिओटेक्सटाइल, मराठीत भू-वस्त्र. इथे ते बहुतेक वेळा नॉनवोव्हन असतं, म्हणजे विणलेलं नसतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे तंतू सुयांनी टोचून टोचून एकमेकांत गुंतवलेले. हाताला घोंगडीसारखं लागतं. त्याची कामं दोन. एक, वरून पडणाऱ्या खडीची टोकं प्लॅस्टिकमध्ये घुसू नयेत म्हणून गादी. दुसरं, गाळणी. कचऱ्याखाली खडीचा थर आणि भोकं पाडलेले पाइप असतात, त्यातून लीचेट गोळा करून प्रक्रियेला नेतात. वरचा गाळ त्या खडीत जाऊन ती तुंबू नये म्हणून तिच्यावर पुन्हा कापड.

म्हणजे माती, प्लॅस्टिक, कापड, खडी, पाइप, पुन्हा कापड, आणि मग कुठे कचरा. झालं अंथरूण.

पांघरूण, म्हणजे गोराई

पण जिथे अंथरूण न घालताच पन्नास वर्षं कचरा टाकलाय, तिथे काय करायचं? डोंगर उचलून खाली कापड घालता येत नाही. मग वरून पांघरूण घालता येतं. पाऊस आत शिरलाच नाही तर नवं लीचेट होणार नाही, हा त्यामागचा विचार.

याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण गोराई. बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या काठावर. पॅगोडा बघायला गेलेल्यांना तो परिसर माहीत असेल. १९७२ पासून तिथे कचरा पडत होता, जवळपास २० हेक्टरवर. २००७ च्या सुमारास ते बंद करायचं ठरलं, तेव्हा तिथे २३ लाख टनांच्या आसपास कचरा साठला होता. मग डोंगराचे उतार नीट केले, वर जिओमेम्ब्रेन आणि मातीचे थर घातले, हिरवळ लावली. आतला मिथेन वायू पाइपांनी गोळा करून जाळायची व्यवस्था केली. हे काम कार्बन क्रेडिटशी जोडलं होतं आणि आशियाई विकास बँकेच्या फंडानं पुढच्या क्रेडिटपोटी आगाऊ पैसे दिले. म्हणजे पांघरुणाचा काही खर्च त्याच्याखाली अडवलेल्या वायूतून काढायचा, असा तो विचार होता.

पांघरुणाचंही माप २०१६ च्या नियमांत होतं. ६० सेंटिमीटर घट्ट माती, त्यावर १५ सेंटिमीटर पाणी वाहून नेणारा थर, त्यावर ४५ सेंटिमीटर झाडं लावायची माती. जिथे उतार तीव्र असतो तिथे ही वरची माती पहिल्याच पावसात वाहून जाते. म्हणून तिच्यावर काथ्याची किंवा तागाची जाळी घालतात. गवत धरेपर्यंत ती माती धरून ठेवते, मग स्वतः कुजून जाते. कोकणातल्या ऐकणाऱ्यांनो, नारळाच्या सोडणाचा हाही एक उपयोग आहे बरं का.

थर घसरले तेव्हा

इथवर ऐकून वाटेल की माल चांगला आणला, थर मोजून घातले, की काम झालं. पण एक घटना सांगतो, म्हणजे कळेल की ते इतकं सोपं नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये केटलमन हिल्स नावाची जागा आहे. घातक औद्योगिक कचऱ्याचं लँडफिल. नवं, आधुनिक, खाली एकावर एक थर, सगळं नियमाप्रमाणे. मार्च १९८८ मध्ये एके दिवशी त्यातला कचऱ्याचा अख्खा ढीग काही तासांत सरकला. आडवा, जवळपास दहा मीटर. पाऊस नाही, भूकंप नाही.

बर्कले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासलं. कारण सापडलं ते थरांच्या मध्ये. गुळगुळीत प्लॅस्टिक आणि खालची ओली माती, गुळगुळीत प्लॅस्टिक आणि वरचं कापड, यांच्यातलं घर्षण फारच कमी होतं. काही जोड्यांत आठ-नऊ अंशांच्या उतारावरच घसरायला लागेल इतकं. आपण ओल्या लादीवर पायपुसणं टाकतो आणि त्यावर पाय ठेवला की पायपुसण्यासकट जातो ना, तसंच. प्रत्येक थर वेगवेगळा उत्तम होता, पण दोन थर एकत्र कसे वागतील हे पुरेसं तपासलेलं नव्हतं.

त्यानंतर लँडफिलच्या डिझाइनमध्ये थराथरांमधलं घर्षण मोजणं ही पहिली पायरी झाली. उतारासाठी खरखरीत पृष्ठभागाचं जिओमेम्ब्रेन रुळलं. म्हणजे या बाजारात एक नवी वस्तू आली ती एका अपघातातून.

आता बाजाराकडे

तर हा माल घेतं कोण आणि किती?

पुन्हा हिशोब. एचडीपीईची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी, ०.९४ धरू. दीड मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर म्हणजे १.४ किलो. एका हेक्टरला १४ टन. दहा हेक्टरच्या लँडफिलला १४० टन नुसतं प्लॅस्टिक, तेही एका थराचं. त्यावर चौरस मीटरला ४०० ग्रॅमचं कापड धरलं तर हेक्टरी आणखी चार टन. कापडाचे थर दोन असतील तर आठ. पट्ट्या एकमेकींवर चढवाव्या लागतात, उतारावर आणि चरात जास्तीचा माल जातो, ते वेगळंच.

घेणारे मुख्यतः तीन प्रकारचे. पहिले महापालिका आणि नगरपालिका. दुसरे घातक औद्योगिक कचऱ्याचे प्रकल्प. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे ते आहेत. तिथे नियम जास्त कडक, अनेकदा अंथरूण दुहेरी. तिसरे बाकीचे उद्योग. औष्णिक वीज केंद्रांची राख, खाणींचं पाणी, सांडपाण्याचे तलाव, या सगळ्यांना अस्तर लागतं.

माल बनवणारे महाराष्ट्रात आहेत. गरवारे टेक्निकल फायबर्स वाई आणि पुण्यात आहे. मासेमारीची जाळी आणि दोर यांच्यासाठी जुनं नाव, पण भू-वस्त्रांचा विभागही आहे. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत नॉनवोव्हनचं उत्कृष्टता केंद्र आहे. घाटकोपरला बीट्रा, म्हणजे बॉम्बे टेक्सटाइल रिसर्च असोसिएशन, तिथे जिओटेकचं उत्कृष्टता केंद्र आणि चाचणीची सोय. सरकारनं २०२० मध्ये १,४८० कोटींचं राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केलं. एप्रिल २०२३ मध्ये १९ प्रकारच्या भू-वस्त्रांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. म्हणजे भारतीय मानकाप्रमाणे प्रमाणित नसलेला माल विकू नये.

पण या बाजाराची एक गंमत आहे. तो आपोआप वाढत नाही. मोबाइल लोकांना हवासा वाटतो म्हणून विकला जातो. लँडफिलचं कापड कुणालाच हवंसं वाटत नाही. नियम असतो आणि तो पाळायला कुणी लावतं, तेव्हाच ते विकलं जातं. ज्या वर्षी नियमाकडे काणाडोळा, त्या वर्षी मागणी कमी.

शिवाय दिशा बदलते आहे. २०२१ मध्ये स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात जुने कचऱ्याचे डोंगर हटवण्यावर भर आहे. बायोमायनिंग म्हणतात त्याला. जुना कचरा खणायचा, चाळायचा, माती वेगळी, प्लॅस्टिक वेगळं, दगड वेगळे, आणि जागा मोकळी करायची. मुंबईत मुलुंडचं डंपिंग २०१८ मध्ये बंद झाल्यावर तिथे हेच काम हाती घेतलं. डोंगरच उचलला तर पांघरुणाची गरज नाही. मग बाजार संपला का? नाही. चाळल्यावर जे कशाच्याच कामाचं नाही ते उरतं, आणि ते पुन्हा अस्तर घातलेल्या जागेतच न्यावं लागतं. २०१६ चे नियमही तेच सांगत होते, की ज्याचं खत होत नाही, पुनर्वापर होत नाही, जे जळत नाही, तेवढंच लँडफिलमध्ये जावं. म्हणजे जागा लहान, पण अस्तर चोख. मागणी किती टन यापेक्षा काम किती नीट, याला महत्त्व येणार.

पुरलेला माल

आणि आता तो दुसरा फरक, जो लक्षात ठेवा म्हटलं होतं.

साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो. शर्टाची शिवण उसवली तर दुकानदाराच्या तोंडावर नेऊन टाकतो. लँडफिलच्या कापडाचं तसं नाही. पैसे देते महापालिका. बसवतो कंत्राटदार. महिन्याभरात सगळं खडीखाली आणि कचऱ्याखाली गडप. आणि काम चांगलं झालं की वाईट, हे कळतं दहा-पंधरा वर्षांनी, खालच्या अंगाच्या गावातल्या एखाद्या विहिरीत. जिला टेंडरमध्ये कुठेच जागा नाही. घेणारा वेगळा, भोगणारा वेगळा. त्यात सर्वांत कमी बोलीला काम द्यायची पद्धत. दोन रोल शेजारी ठेवले, दोन्ही काळे, दोन्ही चकचकीत. एकात नवं एचडीपीई, दुसऱ्यात भंगारातून आलेली मिसळ. डोळ्यांना फरक दिसतच नाही.

म्हणून या धंद्यात खरी किंमत चाचणीला आहे. काळा रंग कशामुळे? कार्बन ब्लॅक, साधारण दोन ते तीन टक्के, उन्हापासून वाचवायला. ते किती आणि सारखं पसरलंय का, हे प्रयोगशाळेतच कळतं. जाडी, ताण, तडा जायची प्रवृत्ती, सगळं तपासावं लागतं.

मग जोडकाम. रोल साधारण सात मीटर रुंद असतो. एका हेक्टरला पट्ट्यांच्या मधले जोड धरले तर जवळपास दीड किलोमीटर शिवण होते. ही शिवण गरम पाचरीच्या मशीननं करतात, दोन समांतर रेषांत, मध्ये एक पोकळ नळी सोडून. त्या नळीत सुईनं हवा भरायची, दोन्ही टोकं बंद करायची आणि पाच मिनिटं दाब बघायचा. काटा उतरला तर शिवण कुठेतरी उघडी आहे. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतो तसंच, फक्त पाण्याच्या घमेल्याऐवजी प्रेशर गेज. दुपारच्या उन्हात काळं प्लॅस्टिक तापून फुगतं, सुरकुत्या पडतात, तशातच जोडलं तर थंड झाल्यावर ताण येतो. म्हणून चांगले कारागीर सकाळी लवकर कामाला लागतात.

एवढं करूनही भोकं पडतात. चांगल्या देखरेखीखालच्या कामातही एकरी एखादं भोक गृहीत धरूनच इंजिनिअर डिझाइन करतात. आणि बहुतेक भोकं प्लॅस्टिक अंथरताना नाही, त्यानंतर वरची खडी पसरताना पडतात. डंपरचं चाक, जेसीबीचा दात. म्हणून खडी टाकून झाल्यावर विजेच्या साहाय्यानं गळती शोधायची पद्धत आहे. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, भोकातून जाते, त्यावरून जागा सापडते. हे केलं तर खर्च वाढतो. टेंडरमध्ये लिहिलं नसेल तर कुणी करत नाही.

आणखी एक आकडा. अमेरिकेतल्या जिओसिंथेटिक इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार झाकलेलं चांगलं एचडीपीई २० अंश तापमानाला चारेकशे वर्षं टिकावं. ४० अंशाला मात्र सत्तरच्या आसपास. ओला कचरा कुजताना गरम होतो, आणि आपल्याकडे बाहेरची हवाच मुळात गरम. दुसरीकडे २०१६ च्या नियमांत बंद केलेल्या लँडफिलची काळजी किमान १५ वर्षं घ्यायला सांगितलं होतं. आज तुम्ही वीस वर्षांचे असाल, तर ती १५ वर्षं संपतील तेव्हा तुम्ही पस्तिशीत असाल. कचरा आणि कापड दोन्ही तिथेच असतील.

काही जण म्हणतील, प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून वाचायला पुन्हा प्लॅस्टिकच? प्रश्न रास्त आहे. पण एका हेक्टरला १४ टन प्लॅस्टिक एकदाच लागतं आणि ते त्यावरच्या लाखो टनांचं विष अडवतं. ते वाईट दर्जाचं असेल, तर मात्र आपण फक्त आणखी १४ टन कचरा पुरला.

काम कुणाला मिळेल?

आता मेसेजमध्ये तुम्ही नेहमी विचारता तो प्रश्न, यात करिअर आहे का?

आहे. आणि फक्त टेक्सटाइल इंजिनिअरला नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्याला साइटवर दर्जा तपासायचं काम आहे. सिपेटमधून प्लॅस्टिकचं शिक्षण घेतलेल्याला प्रयोगशाळेत. इचलकरंजी किंवा मुंबईत टेक्सटाइल शिकणाऱ्याला नॉनवोव्हनच्या उत्पादनात. आणि शेततळ्याचा कागद जोडणाऱ्या पोरांना? माझ्या मते सर्वांत जास्त संधी त्यांना आहे. पट्टी जोडायचा हात त्यांच्याकडे आधीच आहे. जाड माल, दुहेरी शिवण, हवेच्या दाबाची चाचणी आणि प्रत्येक शिवणीची वहीत नोंद, एवढं शिकायचं. या शेवटच्या गोष्टीला कंटाळू नका. कोणत्या रोलची कोणती पट्टी, कुणी जोडली, किती तापमानाला, चाचणीत काय आलं, ही नोंद म्हणजेच या धंद्यातली पत.

आणि आपण?

आपण ना कापड विकतो, ना विकत घेतो. पण तुमच्या शहरात लँडफिलचं काम निघालं, की चार गोष्टी विचारता येतात. नगरसेवकाला विचारा, नाहीतर माहिती अधिकारात अर्ज टाका.

पहिली, अस्तराच्या मालाच्या चाचणीचा अहवाल कुठल्या प्रयोगशाळेचा आहे, आणि नमुना रोलमधून कुणी कापून घेतला? कंत्राटदारानं स्वतः नेऊन दिला असेल तर अर्थ नाही. दुसरी, शिवणींच्या तपासणीची नोंदवही कुठे आहे? तिसरी, खडी टाकल्यावर गळती शोधली का? चौथी, आजूबाजूला भूजल तपासायच्या विहिरी आहेत का, आणि त्यांचे अहवाल किती महिन्यांनी येतात?

या चारही प्रश्नांना कागद मागा, तोंडी उत्तर नको. कारण माल पुरला की उरतो तो फक्त कागद.

आणि पाचवी गोष्ट घरातली आहे. ओला आणि सुका वेगळा. लीचेटचा त्रास मुख्यतः ओल्या कचऱ्यामुळे. तो खतात गेला, तर खाली जाणारा कचरा कोरडा, थंड आणि कमी राहतो, आणि कापड जास्त टिकतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपले आजी-आजोबा सांगायचे. आपल्या शहरांनी अंथरूण न घालताच पाय पसरले. आता ते घालायला घेतलंय, तर निदान जाड आणि धड शिवलेलं असू दे.

तुमच्या गावात, शहरात कचरा डेपोच्या खालच्या अंगाला विहिरी असतील, तर त्यांच्या पाण्याचं काय झालंय हे व्हॉइस नोटमध्ये जरूर पाठवा. पुढच्या भागात बायोमायनिंगबद्दल बोलूया, डोंगर खणल्यावर त्यातून नक्की काय काय निघतं ते. तोपर्यंत काळजी घ्या, ओला-सुका वेगळा ठेवा. भेटूया!